दुधाचा हिशेब डेअरी ठेवते, कांद्याचा कोण ठेवणार?

आमच्या नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या संगमनेर-अकोले पट्ट्यातल्या कुठल्याही घरी जाऊन विचारा की मागच्या दहा दिवसांत डेअरीला दूध किती गेलं, फॅट किती लागली, एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) किती लागला, पेंडीचे किती कापले, हातात किती आले. घरातली बाई वही न उघडता सांगेल. दुधाचा पगार दर दहा दिवसांनी होतो आणि त्याची स्लिप येते, सकाळ-संध्याकाळचं लिटर तिच्यावर छापलेलं असतं. मग त्याच घरात विचारा की ह्या वर्षी उन्हाळी कांद्याला एकरी खर्च किती आला. तिथं अंदाज सुरू होतो. दादा म्हणतात साठ हजार, भाऊ म्हणतो साठ कसले ऐंशीच्या वर गेलेत, आणि आई म्हणते आम्ही घरचेच सगळे राबलो त्याचं काय धरलंय का तुम्ही.

मी संगमनेरमध्ये एका सीएच्या ऑफिसात काम करते. जमाखर्च, जीएसटी, ऑडिटच्या फाइली हेच दिवसभर. किराणा दुकानदार, हार्डवेअरवाला, अगदी चहाच्या टपरीवाल्याचाही हिशेब आमच्याकडं येतो. शेतीचा मात्र येत नाही, कारण शेतीचं उत्पन्न आयकरातून माफ आहे, १९६१ च्या कायद्यात ते कलम १०(१) मध्ये होतं, त्यामुळं रिटर्नमध्ये दोन-चार चौकटींत आकडे टाकले की काम झालं. माफी योग्यच आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण त्याचा एक परिणाम असा झाला की देशातला एवढा मोठा धंदा, त्यात घरटी लाखो रुपये फिरतात, आणि त्याचा जमाखर्च लिहायला कुणी सांगितलं नाही, कुणी शिकवलं नाही आणि कुणी मागितलाही नाही.

आता कुणी म्हणेल की शेतकऱ्याला हिशेब जमत नाही. हे मला अजिबात पटत नाही. जिथं संस्थेनं हिशेब ठेवला तिथं शेतकरी पै-पैचा हिशेब बघतो. डेअरीचं वर सांगितलंच, ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफच्या खाली दूध गेलं की दर तुटतो हे आमच्याकडं शाळेतल्या पोराला पण माहितीय. ऊस बघा. १९५० ला लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं प्रवरेचा सहकारी कारखाना उभा राहिला, तेव्हापासून आजपर्यंत प्रत्येक कारखान्याचं शेतकी खातं उसाची नोंद घेतं, लागणीची तारीख, जात, लागण आडसाली की पूर्वहंगामी की सुरू हंगामातली, की खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून फुटलेला), क्षेत्र किती, कारण त्यावरच तोडीचा प्रोग्राम लागतो. नोंद पुढं-मागं झाली तर माणूस भांडायला जातो. म्हणजे सवय आहे, जागरूकता आहे.

पण नीट बघितलं तर संस्था जे लिहिते ते संस्थेच्या कामाचं लिहिते. दूध किती आलं, ऊस कधी येणार, विकास सोसायटीचं (गावात पीककर्ज देणाऱ्या सहकारी संस्थेचं) कर्ज किती बाकी. विकलेल्या मालाची बाजू लिहिली जाते. खर्चाची बाजू शेतकऱ्याच्या डोक्यात राहते, नाहीतर खताच्या दुकानदाराच्या उधारीच्या वहीत राहते, आणि ती वही त्याची, आपली नाही. उसाच्या बिलातून बेणं, खत, सोसायटी सगळं कापून जो आकडा खात्यावर पडतो त्यालाच लोक उत्पन्न म्हणतात. शंभर वर्षं सहकार केला आपण महाराष्ट्रात, आणि त्यातली अर्धी वही कोरी राहिली, असं मला फार मनापासून वाटतं.

म्हणून आमच्या गावात (नाव लिहीत नाही, लोकांच्या घरातले आकडे आहेत) दहा-बारा घरांनी मिळून ही कोरी बाजू लिहायला घेतली. काही मोठा प्रकल्प नाही, फंड नाही, कंपनी नाही. सगळी कुटुंबं चार-सहा एकरवाली, कांदा, सोयाबीन, थोडा ऊस, घासाचं (गाईंच्या हिरव्या चाऱ्याचं) वावर आणि दोन-चार जर्सी गाई. लिहिणारी मी आणि अजून एक सूनबाई, ती बी.कॉम. आहे आणि बचत गटाचं रेकॉर्ड ती आधीपासून ठेवते. बचत गटाच्या बायकांना हप्ता, व्याज, प्रोसिडिंग हे सगळं लिहायची सवय आहे, आणि ह्या कामाला त्याचा खरा उपयोग झाला.

पहिला प्रश्न होता की रोजचं लिहिणार कोण. दिवसभर वावरात राबून आलेला माणूस रात्री पेन धरत नाही, आणि त्याला धरायला लावू पण नये. मग ठरलं की संध्याकाळी व्हॉट्सॲपवर आवाजात मेसेज टाकायचा. "खालच्या वावरात कांद्याला करप्याचं औषध मारलं, सहा पंप झाले, औषध बाराशेचं आणलं होतं त्यातलं निम्मं उरलंय." बस एवढंच. आम्ही दोघी ते ऐकून ज्या त्या घराच्या वहीत, ज्या त्या गट नंबरच्या पानावर चढवतो. ॲप खूप आहेत, दोन-तीन बघितली पण, पण त्यात तुकडा निवडा, पीक निवडा, युनिट निवडा करत बसायचं म्हटलं की लोक चार दिवसांत सोडून देतात. बोलणं सगळ्यांना जमतं. आणि आवाजातला मेसेज तारखेसकट राहतो, म्हणजे पुढं वाद झाला तर परत ऐकता येतं.

दुसरा प्रश्न वर्षाचा होता आणि ह्यात माझं ऑफिसातलं शिक्षण पार उलटं पडतं. आम्हाला एप्रिल ते मार्च पाठ. पण उन्हाळी कांद्याचं रोप टाकणार दिवाळीच्या आसपास, लागण डिसेंबर-जानेवारीत, काढणी मार्च-एप्रिलमध्ये, चाळीत (कांदा साठवायच्या हवेशीर मांडवात) पडणार आणि विकणार जूनपासून ते पार ऑक्टोबरपर्यंत. एकतीस मार्चला रेघ मारली तर सगळा खर्च एका वर्षात आणि सगळी आवक दुसऱ्या वर्षात. आडसाली उसाचं तर विचारूच नका, तो सोळा-अठरा महिने वावरातच उभा. म्हणून आम्ही वर्षाचा हिशेब ठेवतच नाही, पिकाचा ठेवतो. पीक वावरात आलं की पान उघडलं, शेवटची गोणी मार्केटला गेली आणि पट्टी आली की पान बंद. गाईचं पान वेताप्रमाणं, व्यायली त्या तारखेपासून पुढच्या वेतापर्यंत.

ह्या वेताच्या पानातून जे निघालं ते आधी कुणाच्या लक्षातच नव्हतं. सगळ्यांचं लक्ष लिटरवर. ती गाय वीस देते, ही पंधरा देते. पण गाय भरवलेली (रेतन केलेली) तारीख, उलटली का (म्हणजे गाभ न राहता परत माजावर आली का), परत कधी भरवली, हे गोठ्याच्या भिंतीवर कोळशानं लिहिलेलं असतं, पावसात पुसून जातं. एका घरातली भरपूर दुधाची गाय सारखी उलटायची, दोन वेतांतलं अंतर दीड वर्षाच्या पुढं गेलेलं. शेजारची पंधरा लिटरवाली तेरा-चौदा महिन्यांत परत वेते. भाकड गाईला रोजचा चारा आणि थोडी पेंड मिळून दीडशे रुपये जरी धरले तरी चार महिने जास्त भाकड म्हणजे अठरा हजार गेले, आणि तेवढ्या दिवसांचं दूध गेलं ते वेगळंच. डेअरीच्या स्लिपवर हे कधीच दिसणार नाही, कारण गाय दूध देत नसताना स्लिपच येत नाही. त्या घरानं मग डॉक्टरला बोलवून गाय नीट तपासली, खनिज मिश्रण चालू केलं. आधी गाय "नशिबानं" गाभ राहायची, आता तिच्या तारखेवर घरातल्या सगळ्यांचं लक्ष असतं.

कांद्याच्या चाळीचं तर मी प्रत्येकाला सांगत असते, इथं पण सांगते. भाव वाढेल म्हणून चाळीत टाकला, ऑक्टोबरमध्ये भाव वाढला, माणूस खूश. पण चाळीत जाताना वजन कुणी केलेलं नसतं. समजा एप्रिलमध्ये शंभर क्विंटल चाळीत टाकला आणि तेव्हा भाव बाराशे होता, म्हणजे एक लाख वीस हजाराचा माल. ऑक्टोबरपर्यंत वजनातली घट आणि सड मिळून पस्तीस टक्के गेला, पाऊस-दमट हवा जास्त असली की एवढा सहज जातो. राहिला पासष्ट क्विंटल. अठराशेनं विकला तर एक लाख सतरा हजार. भाव दीडपट झाला आणि पैसे कमीच आले, वर निवडायची मजुरी आणि सहा महिने जिवाला घोर. ह्या हिशेबात १८४६ रुपयांच्या खाली विकला तर एप्रिललाच विकलेला परवडला असता. म्हणजे चाळ वाईट असं नाही, भाव तीन-चार हजारावर गेलेले पण आपण सगळ्यांनी बघितलेत आणि तेव्हा चाळीनंच घरं सावरली. पण आपल्या चाळीत घट किती येते हा आकडा आपल्याकडं पाहिजे, दुसऱ्याच्या चाळीतला नको. त्यासाठी आम्ही एवढंच करतो की चाळ भरताना दहा क्रेट वजन करून सरासरी काढायची, क्रेट मोजायचे, आणि तारीख टाकायची. बाहेर काढताना काटापट्टी असतेच. दोन्ही आकडे समोर ठेवल्यावर कळलं की एकाच गावात, एकाच वाणाला, दोन चाळींच्या घटीत फार मोठा फरक आहे. एकानं काढणीच्या आधी पाणी लवकर तोडलं होतं आणि कांदा पातीसकट नीट सुकवून मगच चाळीत टाकला होता. दुसऱ्याला मजूर मिळाले त्या दिवशी काढून ओलाच भरावा लागला होता. सल्ला सगळ्यांना माहिती असतो हो, पुस्तकात असतो, कृषी सहायक सांगतात. पण त्या सल्ल्याचे आपल्या वावरात किती रुपये होतात हे दिसलं की माणूस पुढच्या वर्षी मजुरांची टोळी आधीच सांगून ठेवतो.

आणि म्हणूनच हे काम एकट्यानं करण्यात अर्धाच फायदा आहे. एकट्याची वही असेल तर त्याला एवढंच कळतं की खर्च पंचाहत्तर हजार आला. तो जास्त की कमी, आणि कशात जास्त, हे दहा वह्या शेजारी-शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही. बाहेर हे खूप आधी कळलेलं दिसतं. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९२४ मध्ये शेतकऱ्यांनीच विद्यापीठाला सोबत घेऊन अशा हिशेबाच्या संघटना सुरू केल्या, सभासद फी भरतात, त्यांचा माणूस शेतावर येऊन बसतो, हिशेब समजावून सांगतो, आणि सगळ्यांच्या आकड्यांची तुलना नाव न सांगता सगळ्यांना मिळते. ते आजही चालू आहे. तिथली शेतं शेकडो एकरांची, आपली चार एकरांची, पण मला वाटतं चार एकरवाल्याला ह्याची गरज जास्त आहे, त्याला चुकायला जागाच नाही.

नाव न सांगता हा भाग आपल्याकडं फारच महत्त्वाचा. पहिल्या बैठकीत कुणी तोंड उघडेना. कारणं सगळ्यांना माहिती असतात. भावकीत वाटणी व्हायचीय, चुलत्याला कळलं की ह्याला कांद्यात एवढे सुटले तर तो कोर्टात जाईल. पोराचं लग्न ठरवायचंय, खरं उत्पन्न कळलं तर सोयरीक फिसकटेल. बँकेला, सोसायटीला, उसनं दिलेल्याला, प्रत्येकाला वेगळं सांगितलेलं असतं. हे खोटेपण नाही, ही कमी आधाराच्या माणसाची सावधगिरी आहे, आणि ज्याला हे समजत नाही त्यानं शेतकऱ्याच्या वहीला हात लावू नये. आम्ही प्रत्येक घराला एक अक्षर दिलं, क, ग, त, असं. फळ्यावर फक्त अक्षरं. कुठलं घर कुठलं अक्षर हे आम्हा दोघींनाच माहिती, आणि वह्या ज्याच्या त्याच्या घरी, आमच्याकडं नाही. आता गंमत अशी की बैठकीत लोक स्वतःच बोलतात, "अरे 'त' म्हणजे मीच, सांगतो काय केलं ते."

घरच्या मजुरीवर मात्र सगळ्यात जास्त चर्चा झाली, आणि अजून संपलेली नाही. आम्ही बायकांनी हट्ट धरला की बाहेरच्या बाईला खुरपणीचा रोज देता तो लिहिता, मग आमचा दिवस पण लिहा. सावडीनं गेलो तर ते पण लिहा, कारण तो दिवस कधीतरी फेडायचा असतो. पुरुष म्हणाले घरच्यांचे कसले पैसे, खिशातून जात नाहीत. हा वाद आमच्या गावातला नाही, तो दिल्लीत पण आहे. केंद्राचा कृषी मूल्य आयोग खर्च मोजतो तेव्हा ए-२ म्हणजे खिशातून गेलेला पैसा, त्यात एफएल म्हणजे घरच्यांच्या श्रमाची किंमत मिळवतात, आणि सी-२ मध्ये स्वतःच्या जमिनीचं भाडं, भांडवलाचं व्याज पण येतं. २०१८-१९ पासून हमीभाव खर्चाच्या दीडपट म्हणतात तो ए-२ अधिक एफएलवर, आणि शेतकरी संघटना मागतात सी-२ वर, सगळं भांडण ह्या दोन आकड्यांतल्या फरकाचं. १९५४-५५ मध्ये सरकारनं शेती व्यवस्थापनाचा पहिला मोठा अभ्यास केला तेव्हा मुंबई राज्यातून आपलेच नगर आणि नाशिक हे दोन जिल्हे घेतले होते, गावागावांत माणसं ठेवून शेतकऱ्यांचे हिशेब लिहून घेतले. त्या देशभरच्या आकड्यांवरूनच अमर्त्य सेन यांनी १९६२ मध्ये दाखवलं होतं की घरच्या श्रमाला बाजारभावानं मजुरी धरली की भारतातली बरीचशी शेती तोट्यात दिसते. म्हणजे आपल्याच आजोबा-पणजोबांच्या वावरातले आकडे लिहून नेले, त्यावर अर्थशास्त्रात केवढी चर्चा झाली, आणि ती वही परत गावात कधी आली नाही. हे मला खूप लागतं.

आमच्या गटात घरचे दिवस लिहायला लागल्यावर काय झालं ते सांगते. तोपर्यंत सगळ्यांचं मत होतं की दूध सगळ्यात भारी, रोजचा पैसा. बायकांचे तास टाकले, पहाटे शेण काढणं, धारा, घास कापून आणणं, कुट्टी, संध्याकाळी परत तेच, आणि घरचा घास-मका बाजारभावानं धरला, की काही घरांत दुधाचं पान एकदम पातळ झालं. दूध बंद करा असं कुणी म्हणालं नाही, म्हणू पण नये, दर दहा दिवसांचा तो पगार किराणा, दवाखाना, शाळेची फी चालवतो, कांदा ते करत नाही. पण एका घरानं पाच गाईंच्या तीन केल्या आणि मिल्किंग मशीन घेतलं, कारण त्या घरातल्या काकूंचा कंबरेचा त्रास आता पानावर तासांमध्ये दिसत होता. आधी तो फक्त काकूंना माहिती होता. माझ्यासाठी ह्या सगळ्या उद्योगाचं मोल एवढ्या एका गोष्टीत पण आहे.

शेतकरी उत्पादक कंपन्यांबद्दल पण बोललं पाहिजे. २००२ मध्ये कंपनी कायद्यात बदल होऊन हा प्रकार आला, २०२० पासून केंद्राची दहा हजार कंपन्यांची योजना आली. आमच्या ऑफिसात अशा कंपन्यांची ऑडिटं येतात. कंपनीचा ताळेबंद असतो, शेअर भांडवल असतं, बारदान-काट्याचा खर्च असतो, पण सभासदाच्या वावरात कंपनीमुळं खर्च एकरी किती कमी झाला हे एकाही कागदावर नसतं. जिथं गिऱ्हाईक मागतं तिथं मात्र सगळं होतं, नाशिकच्या द्राक्षवाल्यांकडं बघा. युरोपात औषधाच्या अंशामुळं माल नाकारला गेला, मग ग्रेपनेट (निर्यातीच्या द्राक्षाचा बागेपर्यंत माग काढणारी ऑनलाइन नोंद) आलं, प्लॉटची नोंदणी, फवारणीची डायरी, कुठलं औषध कधी मारलं आणि तोडणीला किती दिवस शिल्लक. २०१० ला सीसीसीच्या (वेलीची वाढ रोखणाऱ्या एका रसायनाच्या) अंशावरून परत कंटेनर अडकले, तेव्हापासून तर डायरी म्हणजे बागेचा पासपोर्टच. तोच बागायतदार, तीच मराठी शाळा. युरोपच्या गिऱ्हाइकासाठी लिहिता येतं तर स्वतःसाठी पण येतंच की. हिवरे बाजारला ग्रामसभेत दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि त्यावर पिकं ठरतात, ते पण आपल्याच जिल्ह्यात.

मला सोसायट्यांकडून अपेक्षा आहे. केंद्रानं २०२२ मध्ये विकास सोसायट्यांच्या संगणकीकरणाची योजना मंजूर केली, कॉम्प्युटर येतायत. त्यावर कर्जाचं खातं चढेल ते ठीक. पण त्याच सोसायटीनं, नाहीतर गावच्या दूध संस्थेनं, गावातलीच एक शिकलेली मुलगी हिशेबनीस म्हणून ठेवली, महिन्याला प्रत्येक सभासदाकडून थोडे पैसे घेतले, तर पन्नास-साठ घरांच्या वह्या ती आरामात सांभाळेल. ई-पीक पाहणीत २०२१ पासून आपण स्वतः फोटो काढून पेरा नोंदवतोय, म्हणजे मोबाइलवर नोंद करायची अडचण राहिली नाही. फक्त एक अट, वही सभासदाची. बँकेनं, विमा कंपनीनं, कुठल्या ॲपवाल्यानं मागितली तर त्याला विचारल्याशिवाय द्यायची नाही. ही अट मोडली तर लोक दुसऱ्या दिवसापासून खोटे आकडे सांगतील आणि त्यांचं बरोबरच असेल.

सुरुवात कुणाला करायची असेल तर रोप टाकायच्या वेळेला करा, मध्येच नको, कारण मागचा खर्च आठवून लिहिला की तो पुन्हा अंदाजच होतो. पानावर वरती गट नंबर, क्षेत्र गुंठ्यात (सातबारावरचं नाही, प्रत्यक्ष लागणीखालचं), पीक, वाण, तारीख. खाली चार रकाने, तारीख, काम, पैसे, आणि घरचे दिवस. घरच्या दिवसांत बाईचे आणि पुरुषाचे वेगळे. औषधाच्या दुकानाचं पक्कं बिल मागून घ्या आणि पानाला टाचून ठेवा, त्याचा भेसळीच्या तक्रारीला पण उपयोग होतो. उधारीवर आणलं असेल तर आणलं त्याच दिवशी लिहा, पैसे दिले त्या दिवशी नाही. आमच्या पानाचा नमुना हवा असेल तर कमेंटमध्ये तालुका आणि पिकं लिहा, मी पाठवते, आणि ऊसवाल्यांसाठी वेगळा आहे तो खोडव्यासकट.